एब्रोकाठच्या मिराव्हेटमध्ये दोन रात्री राहायचं असेल तर

स्पेनमधल्या मिराव्हेट या गावी बहुतेक लोक दोन तासांसाठी येतात. बार्सिलोनाहून किंवा तारागोनाहून सकाळी निघायचं, टेकडीवरचा किल्ला बघायचा, पलीकडच्या तीरावरून गावाचा फोटो काढायचा आणि जेवायला दुसरीकडे जायचं. पहिल्या खेपेला मीही तेच केलं. रविवारी दुपारी साडेतीनला पोचलो. बेकरीचं शटर खाली, खानावळीतली चूल विझलेली, गल्लीत एक मांजर सोडलं तर चिटपाखरू नाही. उपाशीपोटी, थोडा रागावूनच परत फिरलो. दोन वर्षांनी मुक्कामाला गेलो तेव्हा कळलं, की गाव आडवं पडायच्या वेळेला मी दारात उभा राहिलो होतो.

म्हणून सांगतो: दोन रात्री काढा, आणि गावाच्या घड्याळाने चाला. खालचं सगळं मार्गदर्शन त्यासाठीच आहे.

गाव कुठे आणि कसं

एब्रो ही स्पेनमध्येच उगम पावून स्पेनमध्येच समुद्राला मिळणारी सर्वांत लांब नदी, सुमारे ९३० किलोमीटरची. स्थानिक कातालान भाषेत तिला एब्रे म्हणतात. ती भूमध्य समुद्राकडे उतरते त्या दक्षिण कातालोनियात, तारागोना प्रांतातल्या रिबेरा द'एब्रे भागात, उजव्या काठावर मिराव्हेट आहे. वस्ती जेमतेम सातशेची. जुनी घरं खडकाच्या कडेला अशी चिकटलेली, की काहींच्या मागच्या भिंतीखाली थेट पाणी. वर किल्ला, खाली नदी, आणि नदीच्या दोन्ही अंगांना पीच, चेरी, संत्र्यांच्या बागा. चढाच्या कोरड्या जमिनीत ऑलिव्ह, बदाम आणि द्राक्षं.

माझं आजोळ कृष्णाकाठचं. बागाईत कुठे संपते आणि जिराईत कुठे सुरू होते, ते तिथे पोचल्याबरोबर नजरेने ओळखता आलं. आपल्याकडच्या कुठल्याही शेतकरी कुटुंबातल्या माणसाला ओळखता येईल.

कधी जावं

एप्रिलच्या मध्यापासून जूनच्या सुरुवातीपर्यंत, किंवा सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरअखेरपर्यंत. फेब्रुवारीचा शेवट आणि मार्चच्या पहिल्या पंधरवड्यात पीचच्या बागा गुलाबी होतात. ते बघायला मिळालं तर थंडी सोसा. चेरी मे-जूनमध्ये, पीच उन्हाळाभर, ऑलिव्हची तोडणी नोव्हेंबर-डिसेंबरात. जुलै-ऑगस्ट टाळा. पारा पस्तिशीच्या पुढे जातो आणि किल्ल्याच्या चढावर सावली नाही. हिवाळ्यात नदीच्या खोऱ्यातून वायव्येचा कोरडा वारा येतो, त्याला तिथे सेर्स किंवा मेस्त्राल म्हणतात. तो लागला की दोन-दोन दिवस थांबत नाही, जाड जॅकेट असलं तरी कान बांधायला काहीतरी हवंच.

व्हिसा आणि मुक्काम

भारतीय पासपोर्टवर शेंगेन व्हिसा लागतो. प्रवासाच्या जास्तीत जास्त सहा महिने आणि कमीत कमी पंधरा दिवस आधी अर्ज करता येतो. उन्हाळ्यात भेटीची वेळच लवकर मिळत नाही, म्हणून दोन-तीन महिने हाताशी ठेवा. प्रवास विमा किमान ३०,००० युरोचा हवा. मोठ्यांसाठी व्हिसाचं शुल्क जून २०२४पासून ९० युरो आहे, ते भरण्याआधी एकदा पडताळा.

मुक्कामाचा पुरावा मागतात. कुणाच्या घरी पाहुणे म्हणून जाणार असाल, तर यजमानाला तिथल्या पोलिसांकडून रीतसर निमंत्रणपत्र काढावं लागतं, आणि दोन रात्रींसाठी कुणाला एवढ्या हेलपाट्यात घालणं बरं नव्हे. नोंदणी केलेलं 'कासा रुराल' बघा, म्हणजे गावातलंच घर, पर्यटकांना राहायला दिलेलं. ठेवलेल्या पाहुण्याची नोंद करणं मालकावर कायद्याने बंधनकारक आहे, तेव्हा पासपोर्ट मागितला तर बिचकू नका. कातालोनियात दर रात्रीमागे छोटा पर्यटन कर असतो, तो बहुधा वेगळा द्यावा लागतो; सुटे युरो ठेवा.

खोली घेताना एकच प्रश्न आवर्जून विचारा: घर जुन्या गावात आहे का खालच्या भागात? जुन्या गावातल्या गल्ल्या चढाच्या आणि दगडी. गुडघे दुखत असतील किंवा चाकांची मोठी बॅग असेल तर खालचं घर घ्या.

पोचणं

बार्सिलोनाच्या सांत्स स्टेशनवरून आर-१५ ही साधी प्रादेशिक गाडी तारागोना, रेउस करत मोरा ला नोव्हाला जाते. अडीच तासांच्या आसपास लागतात. गाड्या दिवसातून मोजक्याच, आणि मार्गावर कामं निघाली की वेळापत्रक बदलतं, तेव्हा आदल्या दिवशी पुन्हा बघा. डाव्या बाजूच्या खिडकीत बसा. तारागोनापर्यंत बराच वेळ समुद्र सोबत असतो.

मोरा ला नोव्हा ते मिराव्हेट दहा-बारा किलोमीटर. बस आहे म्हणून निर्धास्त राहू नका. घरमालकाला आधी संदेश टाका आणि टॅक्सी सांगून ठेवा. स्टेशनबाहेर रांगेने टॅक्सी उभ्या असतील, ही आपल्या शहरातली सवय तिथे उपयोगाची नाही.

स्वतःची गाडी असेल तर भूमध्य किनाऱ्याचा एपी-७ महामार्ग कातालोनियात सप्टेंबर २०२१पासून टोलमुक्त आहे. भारतीय लायसन्ससोबत आंतरराष्ट्रीय परवाना न्या. एक गोष्ट मात्र नीट ऐका. गाव उजव्या काठावर, आणि सी-१२ हा मोठा रस्ता डाव्या काठाने जातो. फोनवरचा नकाशा कधीकधी तुम्हाला गावाच्या बरोबर समोर, पण नदीच्या चुकीच्या अंगाला आणून सोडतो. तिथून पलीकडे नेणारी होडी आहे, पण ती जेवणाच्या सुट्टीत आणि रात्री बंद. अंधार पडल्यावर येणार असाल तर मोरा द'एब्रेचा पूल ओलांडून, बेनिस्सानेटवरून या. शेवटचे काही किलोमीटर फळबागांमधून जातात, समोरून ट्रॅक्टर आला तर आपण बाजूला घ्यायचं.

गावाचं घड्याळ

हे पाठ करा, बाकीचं विसरलात तरी चालेल.

सकाळी साडेआठ-नऊला बेकरी आणि बार उघडे असतात. शेतातून पहिलं काम उरकून आलेली माणसं दहाच्या सुमाराला न्याहारीला बसतात. खरेदी, औषधं, किल्ला, होडी, सगळं दीड वाजायच्या आत. जेवण दीड ते साडेतीन. त्यानंतर पाचपर्यंत गाव शांत. घंटा वाजवू नये, गल्लीत मोठ्याने बोलू नये, बॅगेची चाकं दगडांवर खडखडवू नयेत. पाचनंतर खुर्च्या दाराबाहेर येतात. रात्रीचं जेवण साडेआठच्या आधी मागू नका, नऊ ही खरी वेळ. जूनमध्ये सूर्यच साडेनऊच्या सुमाराला मावळतो, त्यामुळे हे उशिराचं वाटत नाही. रविवारी दुपारनंतर काहीही मिळेल असं धरू नका, आणि सोमवारी किल्ला साधारण बंद असतो. थोडी रोकडही बाळगा, पाच आणि दहाच्या नोटा.

रस्त्यात भेटणाऱ्या प्रत्येकाला नमस्कार करायचा, ओळख असो वा नसो. दुपारच्या जेवणापर्यंत 'बोन दीआ', त्यानंतर 'बोना तार्दा', निघताना 'आदेऊ'. ही कातालान भाषा आहे. स्पॅनिश सगळ्यांना येते आणि तुमची मोडकी स्पॅनिश कुणी हसण्यावारी नेणार नाही, पण पहिला शब्द त्यांच्या घरच्या भाषेतला असला की समोरच्याचा चेहरा बदलतो. दुकानात शिरल्यावर आधी 'बोन दीआ', मग वस्तू. न बोलता बोट दाखवणं तिथे उद्धट दिसतं.

खाणं, आणि शाकाहारी असाल तर

दुपारी 'मेनू देल दीआ' घ्या. ठरलेल्या किमतीत पहिली थाळी, दुसरी थाळी, गोड पदार्थ, पाव आणि बहुतेक ठिकाणी पेयही. पोटभर आणि परवडणारं जेवण हेच.

'मी मांस खात नाही' एवढंच सांगितलं तर मासा येईल. सॅलडवर न विचारता टूना असतो, भाजीत हॅमचे तुकडे असतात. वाक्य पूर्ण म्हणा: 'नो कोमो कार्ने, नी पेस्कादो, नी हामोन.' अंडं चालत असेल तर बटाट्याचं ऑम्लेट सगळीकडे मिळतं. टोमॅटो चोळून वर ऑलिव्हचं तेल घातलेला पाव हा तिथला रोजचा आधार. आणि 'एस्कालिवादा' नक्की मागा: निखाऱ्यावर सालीसकट भाजलेलं वांगं, लाल ढबू मिरची, कांदा, सोलून लांब फोडी केलेल्या आणि तेलात भिजवलेल्या. भरीत होता होता राहिलेलं वांगं म्हणा. फक्त वर अँकोव्ही हा खारवलेला छोटा मासा ठेवतात का, ते आधी विचारा.

या भागाचा खरा पदार्थ 'क्लोचा'. तो शेतातला डबा आहे. आम्ही राहिलो होतो त्या घरच्या आजींनी दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्यासमोर केला. मोठ्या गोल पावाचा अर्धा भाग घेतला आणि आतला मऊ गर मुठीने बाहेर काढून बाजूला ठेवला. चुलीत टोमॅटो आणि लसणाचे अख्खे गड्डे काळे होईपर्यंत भाजले. भाजलेल्या लसणाच्या पाकळ्या दोन बोटांत दाबल्या की मलईसारख्या बाहेर येत होत्या. ते सगळं पावाच्या खोलगटात, त्यावर भाजलेला खारवलेला हेरिंग मासा, मग तेलाची धार, पाव पिऊन घेईल तितकी. शेवटी काढलेला गर झाकणासारखा वर दाबून बसवला. माझ्या बायकोसाठी त्यांनी मासा वगळून भाजलेला कांदा घातला, न सांगता. ऑलिव्ह तोडायला जाताना हा पाव बगलेत मारायचा आणि दुपारी झाडाखाली बसून चाकूने कापत खायचा. आपल्या भाकरी-ठेच्याच्या गाठोड्याचं काम तिथे पावच करतो, भांडंही तोच आणि अन्नही तोच.

होडी

गावाच्या खालच्या अंगाला धक्का आहे, तिथे 'पास दे बार्का', म्हणजे नदी ओलांडायची होडी. दोन नावांवर लाकडी फळ्यांचा मंच बसवलेला, त्यावर दोन-तीन मोटारी आणि माणसं मावतात. इंजीन नाही. नदीवर आडवी तार ताणलेली आहे, होडी तिला बांधलेली आहे, आणि नावाडी सुकाणू वळवून नावांचा कोन प्रवाहाला असा देतो, की पाण्याचा रेटाच तराफा पलीकडे ढकलत नेतो. परत येताना कोन उलटा. पाच मिनिटांत आवाज न करता दुसरा काठ येतो. पायाखालच्या फळ्या किंचित कुरकुरतात, तेवढंच.

इथे घाई करू नका. सकाळी पायी पलीकडे जा, काठावर बसा, अर्ध्या-पाऊण तासाने परत या. गाव एकसंध दिसतं ते तिथूनच. वारा जोराचा असेल किंवा पाणी चढलं असेल तर होडी सुटत नाही. नावाड्याशी हुज्जत घालू नका, नदी त्याला कळते.

कुंभारआळी

मिराव्हेटची दुसरी ओळख मातीची. नदीकाठी 'राव्हाल देल्स तेरिसेर्स', म्हणजे कुंभारांची वस्ती आहे आणि तिथे अजून चाकं फिरतात. दार उघडं असेल तर 'बोन दीआ' म्हणून आत जा, फोटोला आधी परवानगी घ्या.

घ्यायचंच असेल तर 'कांतिर' घ्या. बिनझिलईचा पोटाचा घडा, वर कडी, एका अंगाला भरायचं रुंद तोंड, दुसऱ्या अंगाला प्यायची बारीक चोच. मातीतून पाणी पाझरतं, बाहेर वाळतं आणि आतलं गार राहतं. आपल्या माठाचंच शास्त्र. प्यायचं कसं ते कुंभाराने मला दाखवायला घेतलं: दोन्ही हातांनी वर धरायचा, मान मागे, धार थेट तोंडात, चोचीला ओठ लावायचा नाही. मी एका दमात प्यायलो तसा तो बघतच राहिला. त्याला म्हटलं, आमच्या घरी लहानपणापासून वरूनच पाणी प्यायची शिस्त. त्यानंतर तासभर त्याने भट्टी दाखवली. आपली एवढीशी सवय परक्या गावात ओळखपत्र होते, याचा मला अजून आनंद आहे.

किल्ला

सकाळी उघडताच चढा. पायवाटेने अर्ध्या तासाचं काम. गाडीनेही वरपर्यंत जाता येतं. हा मुळात मुसलमानी राजवटीतला किल्ला. ११५३मध्ये बार्सिलोनाचा काउंट रामोन बेरेंगेर चौथा याने तो जिंकला आणि टेंपलर या लढवय्या धर्मसंघाला दिला. १३०७मध्ये त्या संघावर युरोपभर कारवाई सुरू झाली तेव्हा मिराव्हेटचे टेंपलर शरण आले नाहीत. राजा जाउमे दुसरा याच्या सैन्याने वेढा घातला, तो वर्षभर चालला, आणि १३०८च्या डिसेंबरात किल्ला पडला. आतल्या एका चौकाला 'रक्ताचा चौक' म्हणतात, ती पुढची दंतकथा.

गच्चीवर गेल्यावर पाण्याकडे नीट बघा. किल्ला इथेच का, ते तिथे उभं राहिल्यावर समजतं: नदीचं वळण, उतार आणि दोन्ही काठांची सुपीक पट्टी एकाच नजरेत येते. हीच नदी १९३८मध्ये स्पेनच्या यादवी युद्धात आघाडीची रेषा झाली. २४-२५ जुलैच्या रात्री प्रजासत्ताकाच्या फौजा ज्या ठिकाणांहून एब्रो ओलांडून आल्या त्यांत मिराव्हेट होतं. लढाई १६ नोव्हेंबरपर्यंत चालली. गाडी असेल तर कोर्बेरा द'एब्रेचं उद्ध्वस्त जुनं गाव बघून या, ते तसंच राखून ठेवलं आहे. गावात मात्र या विषयाची चौकशी आपण होऊन करू नये. बऱ्याच घरांनी दोन्ही बाजूंनी माणसं गमावली आहेत. कुणी स्वतःहून बोललं तर ऐकावं.

शिवारात फिरताना

संध्याकाळी पाचनंतर बेनिस्सानेटच्या दिशेने शेतरस्त्याने चाला. पाटाला तिथे 'सेकिया' म्हणतात आणि रहाटाला 'सिनिया', दोन्ही शब्द अरबांच्या काळापासूनचे. नदीकाठची बागाईत त्या लोकांनी वाढवली, शब्द मागे राहिले.

फळ तोडू नका. खाली पडलेलंही उचलू नका. वर्षभराचा पैसा तोडणीच्या थोड्या आठवड्यांत उभा राहतो, हे शेतकऱ्याच्या पोराला सांगायला नको. फळं हवी असतील तर घरमालकाला विचारा, कुणीतरी खोकं आणून देतं आणि तेच बाजारापेक्षा स्वस्त पडतं. वाटेत साखळी आडवी लावलेली असेल तर पुढे जाऊ नका. फवारणी चालू असेल तर वाऱ्याची दिशा बघून मागे फिरा. शरद आणि हिवाळ्यात, विशेषतः रविवारी सकाळी, डुकरांच्या शिकारीचे हाके असतात. वाटेच्या तोंडाशी पाटी असते, ती दिसली की त्या बाजूला जायचं नाही. आणि १५ मार्च ते १५ ऑक्टोबर रानाजवळ आग पेटवायला मनाई आहे. सिगरेटचं थोटूकही टाकू नका.

नदीबद्दल दोन सूचना

वरच्या अंगाला मेकिनेन्सा, रिबा-रोजा आणि फ्लिक्स ही धरणं आहेत. वीज करायला पाणी सोडलं की पातळी आणि ओढ बदलते. काठावरून संथ दिसणाऱ्या पाण्यात पोहायला उतरू नका. पाण्यावर जायचंच असेल तर मिराव्हेट ते बेनिफालेट असा कयाकचा टप्पा माहीतगारासोबत करा, जीवरक्षक जॅकेट घालून.

दुसरी सूचना काळ्या माशीची. मे ते सप्टेंबर नदीकाठी दोन-तीन मिलिमीटरची रक्त पिणारी माशी असते. ती घरात येत नाही, पण सकाळी आणि सांजेला उघड्या पोटऱ्यांवर बसते आणि चावलेलं दोन दिवस सुजतं. लांब पँट, मोजे, फिक्या रंगाचे कपडे. खाजवू नका, जास्त सुजलं तर औषधाच्या दुकानात जा, हिरवा क्रॉस ही त्याची खूण. तातडीच्या कुठल्याही मदतीसाठी ११२.

निघताना

परतीची टॅक्सी आदल्या संध्याकाळीच ठरवा. घर झाडून, कचरा वेगवेगळ्या रंगाच्या पेट्यांत टाकून, किल्ली हातात द्या. दाराखाली सरकवून निघून जाऊ नका. निरोपाला दोन मिनिटं उभं राहणं तिथे मानतात.

कांतिर घेतला असेल तर रिकामा करून, पोटात मोजे कोंबून, हातसामानात न्या. घरी आल्यावर लगेच प्यायला वापरू नका. पाण्याने काठोकाठ भरून रात्रभर ठेवा, ओतून टाका, असं दोन-तीन दिवस करा म्हणजे कच्च्या मातीचा वास जातो. तिकडे पहिल्या पाण्यात बडीशेपेच्या दारूचा थेंब टाकतात. मी मूठभर बडीशेपच टाकली. तेव्हापासून तो स्वयंपाकघराच्या खिडकीत आहे, एप्रिलपासून पावसापर्यंत रोज भरलेला.